मामांची दुपारची भुतं

आमच्या मामांचा भुतांवर काडीचाही विश्वास नव्हता, म्हणूनच त्यांनी खोकंभर भुतं घरात आणून ठेवली होती. भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये ते नोकरीला होते. तिथल्या एका साहेबाची बदली झाली आणि जाताना त्याने आपल्या व्हिडिओ कॅसेटी मामांच्या गळ्यात टाकल्या. सगळ्या जुन्या, काळ्यापांढऱ्या, इंग्रजी, आणि प्रत्येकीत कोणी ना कोणी मेल्यावरही हिंडत असे. शहाण्या माणसाने त्यांवर कीर्तनं भरून घेतली असती. मामांनी व्हीसीआर घेतला.

याला कारण मी. नेवाशाकडच्या खेड्यातून शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा मी चांगली नववीतली घोडी होते आणि अंगणातल्या चिंचेवरच्या हडळीला भिऊन तिन्हीसांजेनंतर अंगणापलीकडच्या मोरीपर्यंतही एकटी जात नव्हते. रोज बुद्धवंदना होणाऱ्या घरातली भाची हडळीला भिते, हा मामांना घराण्याला लागलेला डाग वाटला. "पोरीची भीती घालवल्याबिगर मी ऱ्हात न्हाई," त्यांनी जाहीर केलं. मामेभाऊ मिलिंद आणि शेजारची सलमा यांना काहीच झालेलं नव्हतं, पण औषध उरतंय म्हणून त्यांनाही बसवण्यात आलं.

उपचार रविवारी दुपारी चाले. खिडक्यांवर मामीच्या गोधड्या टांगून मामा हवा तेवढा अंधार तयार करत. भुताचा सिनेमा भरदुपारी का, असं विचारलं की "सांजच्याला लाइट जाती," असं उत्तर मिळे. दुपारीही जाई, ते सोडा. मामी म्हणे, "सकाळी वंदना नि दुपारी भुतं! लोक काय म्हनत्याल?" आणि निवडायची मेथी घेऊन सगळ्यांच्या पुढे जाऊन बसे.

"घाबरायचं न्हाई, समजून घ्यायचं," हे मामांचं ब्रीद. त्यासाठी कॅसेट लावण्यापूर्वीच ते सगळी गोष्ट सांगून टाकत. कोण मरणार, कोण उठणार, दार कधी करकरणार, सगळं. इंग्रजी आम्हाला येत नव्हतं आणि त्यांचं स्टोअरमधल्या सामानाच्या नावांपुरतं होतं, त्यामुळे भाषांतराला कसलीच अडचण येत नसे. "ह्यो सरदार मेलाय, पन त्याला तसं कुनी सांगितलेलं न्हाई," एवढ्यात एक अख्खा सिनेमा त्यांनी समजावला होता. ऐन मोक्याला ते चित्र थांबवून भुताची सावली पाडणारा शूटिंगचा दिवा कुठे ठेवलाय ते दाखवत. थांबलेलं चित्र थरथरे, आणि मामांसमोर उभं राहून भूतच घाबरलंय असं वाटे. पडद्यावर गळा चिरला तरी चालत असे. गळ्यात हात पडले की मात्र टेप भराभर पुढे पळे.

घाबरायचा प्रश्नच नव्हता. सलमाला झोप येई, मिलिंदला हसू. शेवटी मामी गोधड्या काढी, उजेड आत येई आणि सगळ्यांना चहा मिळे.

संध्याकाळी माझी परीक्षा असे. "चल, मोरीपर्यंत सोबत ये. भीती गेली का बघू," मामा म्हणत. परीक्षा माझी, बॅटरी त्यांच्या हातात आणि माझं मनगटही त्यांच्याच हातात. चिंचेखालून जाताना ते मनगट जरा जास्तच आवळत. पुरुषाने इतकं धीट असावं, असं मला सुरुवातीला खरंच वाटायचं. माझी भीती मात्र गेली. कोणाची तरी आपल्याहून जास्त आहे हे कळलं, की ती जातेच.

पुढे काही वर्षांनी मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नगरच्या दवाखान्यात स्ट्रेचर हललं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "चल, दारापर्यंत सोबत ये."

मग मी त्यांच्याच पद्धतीने सगळी गोष्ट आधी सांगून टाकली. "मामा, आत हिरव्या कपड्यांतली माणसं असतील. तोंडं बांधलेली, पण माणसंच. डोक्यावर मोठा दिवा असेल. एक सुई टोचतील, मग झोप."

"आन् शेवट?"

"शेवटी उजेड होतो आणि सगळ्यांना चहा मिळतो."

ते हसले आणि त्यांनी मनगट सोडलं. दार करकरलंसुद्धा नाही.

मामा परत आले नाहीत. मी त्यांना शेवट चुकीचा सांगितला होता.

मी आजही अंधाराला भीत नाही. भिंगारला गेले की तिन्हीसांजेला चिंचेखालून एकटी मोरीपर्यंत जाते. फक्त झाडाखाली पोचल्यावर डावा हात आपोआप थोडा पुढे होतो, कोणीतरी मनगट आवळावं म्हणून.