पत्ता नसलेला ट्रेस

"ट्रेस लागला, डॉक्टर. पत्ता मातर मी न्हाई सांगायची."

शेजारच्या खोलीतून बाईंचा आवाज आला आणि माझी टाइपरायटरवरची बोटं थांबली.

"पत्ता नाही, मग ट्रेस कसला, बाई?" डॉक्टर वैतागले होते.

"पोरगी गावली. गोळ्या चालू हायेत. आनखी काय पायजे?"

काष्टीच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात क्षयाचे रुग्ण यायचे. औषध कित्येक महिने घ्यावं लागे; जरा बरं वाटलं की लोक यायचे बंद होत. त्यांना शोधून काढणं, म्हणजे 'ट्रेस' करणं, हे बाईंचं काम, आणि त्याचा इंग्रजीत अहवाल लिहिणं माझं. इंग्रजी शाळेत शिकलेली, एवढ्यावरच मला नगरहून आणलं होतं. श्रीगोंद्याला मावशीकडे राहून मी रोज एसटीने यायची आणि दिवसभर शक्यतो बोलायची नाही. मराठीत काही चुकलं तर लोक हसतील, अशी धास्ती होती.

शाळेत ट्रेस करणं म्हणजे पातळ कागदातून नकाशा गिरवणं. रसायनशास्त्रात ट्रेस म्हणजे इतकं थोडं, की मोजता येत नाही. डिक्शनरीत पाहिलं तर माग, खूण, शिवाय घोडागाडीचा पट्टासुद्धा. बाईंच्या तोंडी मात्र हा शब्द घरच्या तांब्यासारखा सगळीकडे चाले. चष्मा कपाळावर आणि हात टेबलभर फिरतोय: "ट्रेस लागंना वो चष्म्याचा." एसटी उशिरा आली की, "गाडीचा ट्रेस न्हाई." एकदा मी तापाने घरी राहिले, तर बाई थेट मावशीच्या दारात. "ट्रेस काढीत आले," म्हणाल्या, पिशवीतून पेरू काढून ठेवले आणि पाणीही न पिता परत गेल्या. तुमच्याही पाहण्यात असं कोणी असेल, एकाच इंग्रजी शब्दावर सगळा संसार करणारं. पण आज डॉक्टरांना त्यांनी पत्ता का सांगू नये, ते मला कळेना. सापडलेल्या माणसाचा पत्ता अहवालात लिहावा लागे.

"काय लिहू?" बाई बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं.

"लिवा की, गावली म्हनून. बाजाराच्या दिशी चला माज्यासंगं, म्याडम. बांगड्या भरू तुमाला."

बाजारात बाई कासारणीच्या पालाखाली बसल्या. पंधरा मिनिटांत डोक्यावर पदर घेतलेली एक पोर आली. माझ्याहून लहानच असेल. कासारणीने तिचा हात हातात घेतला, दाबला, चोळला, बांगड्यांचे डझन पुढे मांडले. तेवढ्यात बाईंनी तिच्या दुसऱ्या मुठीत आठवड्याच्या गोळ्यांची पुडी सरकवली आणि एक गोळी समोरच गिळायला लावली. घोटभर पाणी कासारणीचं.

"सासरी कळलं तर म्हायेरी धाडतील," परत येताना बाई म्हणाल्या. "म्हायेरी कोन न्हाई. चुलता हाय, त्यो तिला दारात उभं करायचा न्हाई. दवाखान्याची जीप दारात गेली, की पोरीचा संसार मोडला. नवी सून बांगड्या भराया बसली तर कोन काय म्हनतंय?"

"पण मग ती ट्रेस झाली की नाही?"

बाई रस्त्यातच थांबल्या. "तुमी लई शिकलाय," एवढंच म्हणाल्या.

अहवालात मी 'सापडली' लिहिलं आणि पत्त्याची जागा कोरी ठेवली. डॉक्टरांनी त्यावर लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं. त्यांचं बरोबर होतं. बाईंचंही बरोबर वाटायचं. दोन्ही एकाच वेळी कसं बरोबर असेल, याने मी गोंधळून जायची.

उन्हाळ्यात बाईंना संस्थेने खर्ड्याच्या नव्या दवाखान्यात पाठवलं. जाताना त्यांनी माझ्या ओंजळीत गोळ्यांच्या पुड्या ठेवल्या. "पालात बसत जा. बोलायची गरज न्हाई," म्हणाल्या. मग मी बसू लागले. कासारीण माझेही हात दाबून पाही, हसे. पोरीच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं.

आणि एक दिवस तिची सासू दवाखान्यात आली. डॉक्टर नगरला गेलेले. ती माझ्या टेबलासमोर उभीच राहिली.

"आमची सून दर बाजाराला कासारनीकडं बसती. हातात बांगड्या मातर त्याच जुन्या. आदी तुमची ती बाई असायची तितं, आता तुमी असता. काय चाललंय? काय रोग हाय का तिला? खरं सांगा, आजच धाडून देते."

बाई, कासारीण आणि मी, आम्हा तिघींना हे कधी सुचलंच नव्हतं. निदान एक तरी बांगडी भरायला हवी होती. खोटं बोलणं मला ना मराठीत जमत होतं, ना इंग्रजीत. खरं बोललं तर पोर रस्त्यावर येणार. बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, तेही सुचेना.

"बोला की! तोंड हाय ना?" म्हातारी कडाडली, आणि तिथेच तिला ढास लागली. पदर तोंडाशी धरून ती वाकली, टेबलाची कड पकडली. ढास थांबेना. पदर खाली आला तेव्हा तिने तो घाईघाईने मुठीत चुरगाळला, पण त्यावरचा लाल ठिपका मी पाहिला होता. मी पाहिला, हे तिलाही कळलं.

मी खुर्ची पुढे केली.

"मावशी, आधी बसा," मी म्हणाले. "तुमच्यासाठीही आम्ही दारात जीप पाठवणार नाही."