पोफळीची विरी

श्रीवर्धनात आमच्या शेजारच्या सुनेचा आवाज साऱ्या आळीला ठाऊक होता. नवी आली तेव्हा ती हळूच बोलायची. सासऱ्यांचे कान गेले आणि तिने आवाज चढवला.

सासऱ्यांनी "काय म्हणालात?" विचारलं, की घरातले इतर "काही नाही, बसा तुम्ही" म्हणून मोकळे होत. मग ते तासन्‌तास खांबाला टेकून गप्प बसत.

एकदा वाडीला पाणी देताना पाट फुटला. तिचा नवरा ओरडत अंगणात आला, "अण्णा, पाट फुटला!"

"मग सुताराला बोलवा," सासरे म्हणाले.

सगळे हसले. नवरा म्हणाला, "अण्णा चळले आता."

ही भडकली. "चळले नाहीत. त्यांना बसायचा पाट वाटला!" चार पुरुषांदेखत तिने पोफळीची गळलेली विरी उचलली, त्या रुंद सालीची नळी वळून सासऱ्यांच्या कानाशी धरली. "मामंजी, वाडीतलं पाणी वाहून चाललंय!"

"अगो, मग आधी रहाट थांबवा!" ते ताडकन उठले. रहाट थांबवायचं तोवर कोणालाच सुचलं नव्हतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती विरी धरून बसे आणि मांजर व्यायली इथपासून सगळं त्यांना सांगे. आळी तिला दांडगी म्हणे. म्हणेना का!

पुढे ते विसरू लागलेच. मुलाला ओळखेनात, तिचं नावही आठवेना. पण दिवे लागले, की स्वतः विरी उचलून तिच्या हातात देत आणि कान पुढे करत.