किडकी वांगी घेऊ, असं आम्ही कबूल केलं

राजधानीची कार्यालयं नवा रायपूरला हलली, तशी मीही जुन्या शहरातल्या तात्यापारा या मराठी मोहल्ल्यातून रोज बसने तिकडे जाऊ लागले. कृषी विभागात माझं काम टायपिंगचं. परतताना थांब्याजवळ एक शेतकरी जोडपं भाजी घेऊन बसायचं. त्यांची वांगी अशी चकचकीत, की हात आपोआप जायचा.

एकदा शेतकऱ्याच्या बायकोनंच मला अडवलं. हळूच म्हणाली, "दीदी, ये भांटा बजार बर हे. घर बर अलग बोए हन." म्हणजे विकायच्या वांग्यांवर किडीचं औषध मारायचं, घरी खायच्या वांग्यांवर नाही.

"मग घरचीच दे ना मले," मी म्हटलं.

नवरा हसला. "छेद वाला कोन लेही?"

भोकं पडलेली वांगी कोण घेणार, हा त्याचा प्रश्न मी आमच्या मराठी महिला मंडळात सांगितला. अध्यक्ष असलेल्या काकू ताडकन म्हणाल्या, "आपण घेऊ, सालभर! पण वावरात औषध मारू नको म्हणा त्याले."

तो अर्ध्या वावरापुरता कबूल झाला. औषधाऐवजी फवारायच्या कडुलिंब-मिरची-लसणाच्या अर्काची पत्रकं मी कितीदा टाइप केली होती, अर्क मात्र कधी हुंगला नव्हता. एका रविवारी आम्ही सहा बायका शेतकरणीसोबत मिरच्या कुटायला बसलो. शिंकून शिंकून सगळ्यांचे डोळे लाल, आणि हसू काही थांबेना.

पहिली टोपली आली, तर दर दुसऱ्या वांग्यात अळी. मंडळात गलका झाला. "हे काय देऊन राहिला तो?"

काकूंनी विळी ओढली, किडका भाग कापून फेकला. "किडकी घेऊ म्हणून शब्द दिला नं आपण? मग आता काहून कुरकुर?"

मी ऑफिसातल्या साहेबांना गळ घातली. ते स्वतः वावरात आले आणि किडीचे पतंग पकडणारे सापळे कसे लावायचे ते त्यांनी दाखवलं. पुढच्या बहराला भोकं बरीच कमी झाली. शेतकऱ्यानं न विचारताच उरलेलं अर्धं वावरही औषधाविना केलं.

मग एक दिवस त्याचे दोन शेजारी थांब्यावर उभे. "दीदी, हमरो भांटा लेहू का?"

त्यांचीही बिनऔषधाची वांगी घ्यायची का, हे विचारायला मी काकूंना फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "हव म्हण! खाणारे आपण शोधू."

त्याच संध्याकाळी आम्ही वांग्यांच्या पिशव्या घेऊन तात्यापाऱ्यात दारोदार निघालो.