गाऱ्हाण्याचं तेल

रोज सकाळी शाळेला निघण्याआधी काशिनाथ मास्तर अंगणाच्या पायरीवर उभे राहत, दोन्ही तळहात उन्हात धरत आणि एकेक बोट निरखत. काजूच्या टरफलांचं तेल अंगाला लागलं की कातडी सोलते. आदल्या संध्याकाळी मागच्या पडवीत जो प्रयोग झाला असेल, त्याचा निकाल सकाळी हातांवर उमटलेला असे.

"काय, दुसऱ्या लग्नाची रेघ दिसता काय?" केर काढता काढता तुळसा, त्यांची बायको, विचारी.

मास्तर आचऱ्याच्या शाळेत शास्त्र शिकवत. सुती जाळी खाऱ्या पाण्यात लवकर कुजतात, म्हणून त्यांनी हा ध्यास घेतला होता. टरफलांचं तेल जाळं टिकवतं हे गावाला ठाऊकच होतं. पण ते हात भाजतं, आणि वाळलं की जाळं ताठ करतं. तेल मंद आचेवर आटवून, आच उतरल्यावर त्यात शिंपल्यांचा चुना घातला तर दोन्ही खोडी जातात, हे मास्तरांना सापडलं ते सत्तावन्न सालच्या शिमग्यानंतर. त्या सकाळी त्यांचे तळहात नितळ होते.

तुळसेने देवळात नवस बोललेला होता. नवऱ्याचे हात बरे झाले, काम फळाला आलं, तर गाऱ्हाणं घालीन, गाव जमवून देवाला सगळं मोठ्याने सांगवीन. आणि गाऱ्हाण्यात हातचं राखून चालत नाही. देवाला अर्धं सांगितलं तर तो अर्धंच ऐकतो. म्हणून गावातर्फे गाऱ्हाणं घालणारा भिकाजी गावकर नारळ घेऊन उभा राहिला, मास्तर शेजारून हळू सांगत गेले, आणि भिकाजी खणखणीत आवाजात देवाच्या कानी घालत गेला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान काजीचा तेल मंद आचेर आटवल्यान..."

"व्हय म्हाराजा!" सभामंडप भरून गाव म्हणाला.

"आच उतरल्यार तेच्यात शिंपल्यांचो चुनो घातल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका यश दी, तेका नाव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नाव. मास्तरांना तेवढंच हवं होतं. पैशाचं त्यांना फारसं कळत नसे. पण आपण शोधलेली एखादी गोष्ट आपल्या नावाने राहावी, ही इच्छा ते तुळसेपासूनही लपवू शकले नव्हते.

पुढच्या महिन्यात दोघं सावंतवाडीला गेली. तुळसेचा मावसभाऊ परशुराम तिथे वकील होता. तेलाची हकीकत ऐकून त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"काशिनाथराव, याचं पेटंट घ्या! कलकत्त्याला अर्ज करायचा. सोळा वर्षं तुमच्या परवानगीशिवाय कुणी हे करून विकू शकणार नाही. मात्र अर्जात कृती सगळी लिहायची, काही लपवायचं नाही."

"लपवतो कशाला?"

"आणि त्याआधी ती कुणाला कळलेली नको. तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही," मास्तर म्हणाले. मग घुटमळले. "देवाला सांगितलंय."

"मनातल्या मनात?"

"गाऱ्हाण्यात."

"ऐकायला कोण होतं?"

"अख्खो गाव व्हय म्हाराजा म्हणत होतो," तुळसाच बोलली.

परशुराम कपाळावर हात मारून हसला. तुळसेला हसू येईना. "म्हणजे देवाच्या आधी कलकत्त्याक सांगूक होया होता?"

"तसंच काहीसं गो."

"दोघांकय सगळा सांगूचा. मगे आधी कोणाक आणि मागसून कोणाक, ह्यान काय बिघाडता?"

परशुरामाने समजावलं. लोकांना जे ठाऊक नाही ते त्यांना शिकवायचं, त्याच्या बदल्यात सरकार काही वर्षं हक्क देतं. आधीच फुकट वाटून टाकलं, तर बदल्यात द्यायला उरलं काय? ऐकताना तिला पटलं. पायरी उतरेपर्यंत पुन्हा निसटलं.

"पण कलकत्त्याहून आचऱ्याला विचारायला कोण येतंय?" दारात परशुराम हळूच म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही असं धरून चालू. मी कागद करतो, तुम्ही येऊन सही करा."

परतीच्या गाडीत तिने विचारलं, "मगे आता ता तेल कोणाचा?"

"कोणाचाच नाय. म्हणजे सगळ्यांचा. म्हणजे..." ते थांबले. "माकाच धड कळूक नाय."

घरी आल्यावर त्यांनी भिकाजीला गाठलं. "गावकरानू, घातलेला गाऱ्हाणा परत घेवक येता?"

"मास्तरांनू, फुटलेलो नारळ सांधतत काय?" भिकाजी म्हणाला, आणि मग काळजीने, "कित्याक? गुण इलो नाय?"

मास्तर पुन्हा सावंतवाडीला गेले नाहीत. एवढा गाव व्हय म्हणाला. आपण एकट्याने नाही कसं लिहायचं, एवढंच ते तुळसेला म्हणाले. तो शहाणपणा होता की खुळेपणा, हे तिला ठरवता आलं नाही. नवस आपण केला नसता तर, असंही तिला वाटे. पण मग हात बरे झाले नसते तर?

गावाने तेल वापरलं. नाव पडलं, पण मास्तरांचं नव्हे. सगळे त्याला गाऱ्हाण्याचं तेल म्हणू लागले. पुढे नायलॉनची जाळी आली आणि जाळ्याला तेल लावायचं कारणच सरलं. मास्तर मात्र नितळ हात उन्हात धरून बघतच राहिले.

अडुसष्टच्या पावसाळ्याआधी एका संध्याकाळी गावातला होडीवाला गंगाराम तांडेल अंगणात आला. "मास्तरांनू, होडयेच्या लाकडाक तुमचा तेल लावलंय तर चलात? माझो जावय वेंगुर्ल्याक तेचो धंदो करूक बघता. तुमका इचारल्याशिवाय नको, म्हटलंय."

तुळसा दारात थांबली. तुमचा, असं इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तळहातांकडे. त्याच रात्री झोपेत ते गेले; त्यामुळे तेव्हा अंगणात ते जे बोलले, तेच त्यांचं शेवटचं बोलणं तिच्याजवळ राहिलं.

"करूंदे," ते गंगारामला म्हणाले. "चुनो मात्र आच उतरल्यारच घाल म्हणान सांग हां तेका."