कुरामोची डॉक्टरांचं एकच वाक्य

जपानमधल्या निइगाताच्या आमच्या हॉस्पिटलात कुरामोची डॉक्टरांनी एकतीस वर्षं एक्स-रे आणि स्कॅन वाचले, पण ठाम असं कधी काही लिहिलं नाही. प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एकच वाक्य: "कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही." मोडलेल्या करंगळीच्या रिपोर्टवरही तेच. अंगाशी येऊ नये म्हणून इथे सगळेच थोडं जपून लिहितात. या माणसाला कँटीनमध्ये सोबा नूडल्स हव्यात की उदोन, हेही सांगता यायचं नाही.

यंदा जुने रिपोर्ट वाचून कर्करोग आहे की नाही हे तक्त्यात भरणारा प्रोग्राम आला. कुरामोचींच्या चाळीस हजार रिपोर्टांसमोर त्याने एकच शेरा भरला: "निदान सापडलं नाही."

प्रोग्राम बसवणारे ओनोदेरा ओशाळून म्हणाले, "काहीतरी बिघडलंय बहुतेक."

रेकॉर्ड मी सांभाळते. मी म्हटलं, "काही बिघडलेलं नाही, ओनोदेरा-सान. तेवढंच आहे त्यात."

तक्ता डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि खाली लिहिलं, "यंत्राची चूक नाकारता येत नाही."

त्याखाली सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का मात्र मला माझा मारायला सांगितला.