लिफ्टवाल्याची सही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळेच मिस्त्री म्हणत. बायकोही म्हणायची, आधी लाडाने, नंतर चिडून. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं सुखरूप बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा होता. फोन आला की भरल्या ताटावरून उठायचा. ग्रीसचे हात घेऊन परतेपर्यंत ठकी, त्याची लेक, झोपलेली असायची. संसार भांडणांनी नाही मोडला, त्याच्या घरात नसण्याने मोडला.

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "ठकीचं माझं मी बघेन. तू पैसेही देऊ नकोस आणि येऊही नकोस. येतो म्हणून सांगतोस, येत नाहीस, आणि पोरगी वाट बघत बसते. त्यापेक्षा नकोच ते."

त्याने थोडे आढेवेढे घेतले आणि मान डोलावली. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं होतं. तेच पुढे त्याला आतून कुरतडत राहिलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना मध्येच हात थांबायचा. बाप म्हणवतोस आणि सुटलो म्हणून खूश होतोस, लाज नाही वाटत?

तरी तसं लिहिलेल्या करारावर त्याने सही केली. कोर्टाची मंजुरी काय, नुसता उपचार, असं वकील म्हणाला होता.

न्यायाधीशबाईंनी मात्र कागद सावकाश वाचला. "दोघांनी राजीखुशीने लिहिलंय?"

"हो."

"तुमचं एकमेकांशी देणंघेणं असेल ते खुशाल सोडा. पण मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे. तो परस्पर सोडणारे तुम्ही कोण?" मग त्या त्याच्याकडे वळल्या. "खर्च द्यायला जमत नाही का तुम्हाला?"

"जमतं."

"मग सही का केलीत?"

हिनेच सांगितलं म्हणून, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. "सोपं वाटलं, बाई."

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

करार नामंजूर झाला. नीट लिहून आणा, असं बजावलं गेलं. बाहेर बाकावर दोघं दोन टोकांना बसली.

"मला वाटलं, मला त्रास नको म्हणून तू सही केलीस," बायको म्हणाली. "मनातल्या मनात तुझे आभार मानत होते मी."

त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"माझंही चुकलंच," ती म्हणाली. "बाबा लांब कामाला गेलाय, असं सांगून ठेवलंय मी तिला."

नवा करार त्यांनी तिथेच बसून ठरवला. दर महिन्याचा खर्च, शाळेची निम्मी फी, आणि दर रविवारी ठकी बाबाबरोबर. त्या दिवशी फोन बंद. या खेपेला बाईंनी मंजुरी दिली.

पहिल्या रविवारी बागेत ठकीने विचारलं, "लांबचं काम संपलं?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. "लांब नव्हतोच गं गेलो. इथेच होतो."

"मग आला का नाहीस?"

त्या दिवशी तिने त्याचा हात धरला नाही, आणि त्यानेही पुढे केला नाही. पुढच्या रविवारी घसरगुंडीपाशी तिने मुकाट्याने पाय पुढे केला, बुटाची लेस सुटली होती म्हणून. त्यात माया वगैरे काही नव्हती. तिला ती बांधता येत नव्हती, इतकंच.

तो गुडघ्यांवर बसला आणि गाठ मारू लागला.