पाऊस कमी झाला नव्हता

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या कोळशाच्या गावाचा छोटा इतिहास मीच लिहिला. तिथल्या वाचनालयात ती पुस्तिका अजून मिळते. कंपनीने दरीत एकसारखी घरं बांधली, दुकान, शाळा, चर्च सगळं कंपनीचंच होतं, पुढे घरं खाणकामगारांना विकली पण घरांखालच्या कोळशाचा हक्क स्वतःकडे ठेवला, हे सारं त्यात खरं आहे. शेवटच्या पानावर मी लिहिलं, 'दुष्काळात विहिरी आटल्या आणि वरची आळी रिकामी झाली.' हे खोटं आहे.

मी नागपूरचा, त्या खाणीत इंजिनीयर होतो. नळाच्या पाण्याचा चहा काळपट व्हायचा, म्हणून दर रविवारी वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या विहिरीवरून दोन कॅन पाणी आणायचो. त्यांचे वडील आणि नवरा याच खाणीत राबून गेले होते.

"चर्चला येत नाही, पण रविवार चुकवत नाही," त्या म्हणायच्या.

"तुमचं पाणीच तसं आहे."

"मग कॅन भरताना तरी डोकं झुकवा."

२००४च्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावलं. पंपातून नुसती हवा येत होती. मी मोजायची टेप विहिरीत सोडली. टोक कोरडंच वर आलं.

कारण मला ठाऊक होतं. पंधराच दिवसांपूर्वी आम्ही त्यांच्या घराखालचा कोळसा काढून पुढे सरकलो होतो. मागे खाणीचं छत खचू द्यायचं, हीच त्या कामाची पद्धत; मग वरची जमीन भेगाळते. नकाशावर त्यांचं घर मीच लाल पेन्सिलीने दाखवलं होतं. खाणीमुळे पाणी गेलं तर कंपनीने ते पुरवायचं, असा कायदाही होता. आणि खोटं बोला असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"यंदा पाऊस कमी झालाय," मी म्हणालो.

"माझ्या जन्मापासून ही आटली नाही."

"होतं असं कधी कधी."

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल," त्या म्हणाल्या. शेजाऱ्यांनाही त्यांनी तेच सांगितलं, माझ्या हवाल्याने. तक्रार कुणीच केली नाही.

घरी बायको म्हणाली, "पाऊस कमी? अहो, अंगणातलं गवत या महिन्यात तीनदा कापलंत तुम्ही."

त्यानंतर दर रविवारी त्याच दोन कॅनमधून मी त्या बाईंना विकतचं पाणी नेऊन देत असे. त्या प्रत्येक वेळी आभार मानायच्या. बर्फ पडायच्या आत त्या ओहायोला मुलीकडे गेल्या. जाताना दोन्ही कॅन धुऊन माझ्या पायरीवर पालथे ठेवले होते. मागोमाग आळीतली बाकीची घरंही उठली.

गेल्या वर्षी त्या वारल्या. मी निवृत्त झालोय, आता मला अडवणारं कुणी नाही. तेव्हाही नव्हतं.

वाचनालयाला मी नवं शेवटचं पान पाठवलंय. 'त्या उन्हाळ्यात पाऊस नेहमीसारखा झाला. विहिरींचं पाणी खाली खाणीत उतरलं. खाणीच्या इंजिनीयरला, म्हणजे मला, ते माहीत होतं.' एक प्रत त्यांच्या मुलीसाठी आहे. पत्ता लिहिलेलं पाकीट आठवडाभर टेबलावरच आहे.